वर्गात खाल्लेल्या जिलेब्या

सर,

‘प्रिय’ लिहायला हात वळला नाही. काल गारखेड्यात तुमची शोकसभा झाली. तिथं एक गोष्ट ऐकली, म्हणून लिहितेय.

तुमचे एक सहकारी बोलायला उठले. अर्थशास्त्रातली सीमांत उपयोगिता, म्हणजे खाल्लेल्या प्रत्येक पुढच्या नगाचं समाधान कमी होत जातं हे, शिकवताना तुम्ही बारावीच्या एका मुलीला जिलेब्या खाऊ घातल्या, ती थांबेचना, शेवटी वर्गातच ओकली, असं त्यांनी रंगवून सांगितलं. लोक हसले. तेही तुमच्या फोटोसमोर! ती मुलगी मी होते, सर.

वेरूळहून पहिल्या बसनं यायचे. घरी चूल पेटायच्या आत निघावं लागायचं. तुम्ही विचारलंत, कोण खाणार? माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. प्रत्येक जिलेबीनंतर तुम्ही समाधानाचे गुण विचारत होतात. पहिलीला दहा दिले, दुसरीलाही दहाच. गुण उतरल्याशिवाय तुमचा सिद्धांत कसा पटणार? पण कमी सांगितले तर पुडा बंद होईल, ही माझी भीती. सहावीलाही मी दहाच म्हणाले. सातवी अर्धी असताना सगळं बाहेर आलं.

तुम्ही नाकाला रुमाल लावून फळ्याकडे वळलात. “ही ऋण सीमांत उपयोगिता. आता एकूण उपयोगिताही घटली,” म्हणालात. वर्गानं ते वहीत उतरवून घेतलं. फरशी मी माझ्या ओढणीनं पुसली.

आणि काल? काल मीही सगळ्यांबरोबर हसले. तुमच्या वागण्यापेक्षा त्या हसण्याचीच किळस जास्त येतेय.

निघताना तुमच्या पत्नीला नाव सांगितलं, तर काकूंनी माझा हात धरूनच ठेवला. “तू उपाशी येती हे त्यांना ठाऊक होतं, बाई. तुला खाऊ घालायचं म्हणूनच पुडा नेला होता. मागून लई वाईट वाटलं त्यांना.”

ठाऊक होतं? मग बाजूला बोलावून दोन घास का नाही दिलेत? वाईट वाटलं, तर दुसऱ्या दिवशी एक शब्द का नाही बोललात? वर्षभर माझ्याकडं बघायचंही टाळलंत. दयाही तुम्हाला धड्याआड लपवावी लागली!

आज सकाळी त्या सहकाऱ्यांना फोन करून सांगितलं, ती मी होते आणि उपाशी होते. 

मीही आता हाच विषय शिकवते. शब्द देते, सर, हा धडा फक्त आलेख काढून शिकवीन. उपाशी आलेली मुलगी दिसली, तर तिला स्टाफरूममध्ये बसवून माझा डबा पुढं सरकवीन, आणि तिचं होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहीन.

तुमची विद्यार्थिनी,
वंदना