अकरांतली कोणती लावली, ते सांगते

प्रिय अहो,

काल तुम्हाला जाऊन वर्ष झालं. आज पाहुणे गेले, खिरीचं मोठं पातेलं घासून पालथं घातलं आणि लगेच तुम्हाला लिहायला बसले. काल कार्यक्रमात मी काय वाजवलं, ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं. तुमच्या शिफ्टमधले इस्माईलभाई आधी वर येऊन भेटले ना, तर तिखटमीठ लावून सांगतील!

चूक तुमचीच आहे, हे आधी मान्य करा. वहीत किती बारीक लिहून ठेवलंत! झेंडूचे हार नकोत, भाषणं दोनच, चहा पाणचट नको. आणि सगळ्यात खाली काय? 'वंदनेनंतर माझी तिसरी सिंफनी लावावी. अकरांपैकी कोणतं रेकॉर्डिंग, ते विमल ठरवेल.'

विमल ठरवेल? जिला चाळीस वर्षं 'तुला कान नुसते डूल घालायला दिलेत' म्हणून ऐकवलंत, तिनं ठरवायचं? हे प्रेम होतं की सूड, तेवढं तरी पुढं लिहायचंत!

ती सिंफनी रचणारा तो तुमचा दाढीवाला जर्मन. दीडशे वर्षांमागचा. त्याचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून मी आपली 'दाढीवाले' म्हणत आले. त्यांचं एकच संगीत आपल्या घरात अकरा वेळा! एक कॅसेट आणि दहा सीड्या. प्रत्येकीत वाजवणारे वेगळे आणि पुढं उभं राहून काडी फिरवणारा वेगळा. मी एकदा भोळेपणानं विचारलं होतं, 'अहो, पण काडीचा आवाज येतो का?' दोन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी.

तर मी आणि मीनल आठवडाभर ते खोकं उघडून बसलो. तुमची लेक म्हणाली, 'आई, मोबाइलवर सगळं मिळतं, कुठलंही एक लाव. पप्पांना थोडंच कळणार आहे?' मी तिला असं झापलं! तुम्हाला कळणार नाही? आमटीत हिंग विसरलं तर अंगणातून ओळखणारा माणूस!

प्रत्येक सीडीच्या पाठीवर तुमचा शेरा. पॉवरहाउसच्या लॉगबुकात लिहायचात तसाच. 'सुरुवात घाईची. चेलो बरे. खालचा सूर नाही.' दुसरीवर, 'हॉर्न सुंदर. खालचा सूर नाही.' तिसरीवर, 'हा माणूस झोपेत काडी फिरवतो. खालचा सूर नाही.' दहाच्या दहा नापास! पास झालेली एकटी ती जुनी कॅसेट. आणि नेमका टेपचाच पट्टा तुटलेला.

ती कॅसेट कशी झाली, आठवतं का हो? भिवपुरीला पॉवरहाउसच्या कडेला क्वार्टरमध्ये होतो. बदली झालेल्या एका साहेबांनी जाताना त्यांची रेकॉर्ड एका दिवसासाठी ऐकायला दिली, प्लेअरसकट. तुम्ही स्पीकरपुढं टेप ठेवलात आणि घरात कर्फ्यू लावलात. पंखा बंद. कुकर बंद. शेजारच्यांची कोंबडी टोपलीखाली. मीनलला सर्दी झालेली, म्हणून मला तिला घेऊन पाऊण तास पिंपळाखाली बसवलंत! शिंक आली तर तिथंच द्यायची म्हणालात. टाचणी पडली तर ऐकू येईल, असं घर करून तुम्ही ते बटण दाबलंत.

क्वार्टरमध्ये होतात तोवर सुखी होतात, हे मला आता कळतंय. त्या कॅसेटनंतर तिथंच दोन सीड्या घेतल्यात, त्याही 'उत्तम' होत्या. शेरे नाहीत, कुरकुर नाही. रिटायर होऊन आपण कडावला आलो आणि तुमचं ते खूळ सुरू झालं. त्याच दोन्ही परत ऐकून नापास केल्यात. मग नवीन मागवायची, डोळे मिटून ऐकायची, मान हलवायची, 'नाही गं, कमी आहे' म्हणायचं. शेवटी मीनलनं कॅसेटमधल्याच काडीवाल्याची, त्याच रेकॉर्डिंगची सीडी आणून दिली. तीही नापास! काय लिहिलंत त्यावर? 'कंपनीने फसवले. हे ते नव्हे.'

आणि मी? मी वेगळंच धरून बसले होते.

कडावचं घर माझ्या हट्टाचं. माझी शाळा इथं, माझ्या मैत्रिणी इथं, म्हणून इथं बांधलं. आजूबाजूला भातशेती, सगळं चिडीचूप. पहिल्याच महिन्यात तुम्ही म्हणालात, 'घर छान आहे गं, पण काहीतरी कमी वाटतं. काय, ते सांगता येत नाही.' झालं! ओट्याच्या टाइल्स मी निवडल्या होत्या, मला वाटलं टोमणा मलाच आहे. आठ दिवस भांडी आपटली. पुढं प्रत्येक सीडी नापास झाली की मला वाटायचं, ही सीडी नाही, मी नापास झाले. 'तुमचं कशातच मन रमत नाही, माणसानं करायचं तरी काय?' असं तुम्हाला कितीदा बोलले! शेवटच्या आजारपणातही एकदा बोललेच. ते मला वर्षभर खातंय.

असो. परवा इस्माईलभाई टेप दुरुस्त करायला आले. कर्जतच्या बाजारातलं त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आता मुलगा बघतो, पण टेप म्हटल्यावर स्वतः आले, खिशात नवा पट्टा घेऊन. टेप सुरू झाला. मी आधी मीनलची सीडी ऐकवली, मग कॅसेट. आणि अहो, मला फरक कळला! मला! कॅसेटमध्ये सगळ्या बाजाच्या तळाशी एक घूंऽऽ असा सूर होता. जाड, संथ, न थांबणारा. मी ओरडलेच, 'मीनल, हाच गं पप्पांचा खालचा सूर!'

इस्माईलभाई हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून बसले. कान टेपला लावला. मग म्हणाले, "वहिनी, ह्यो बाजा नाय. ही आपली मशीन हाय!"

"कसली मशीन?"

"पावरहाउसची! दोन नंबरची. तीस वर्सं उशाशी घेऊन झोपलो आमी, मी वळखणार नाय?" आणि असे हसायला लागले की टोपी पडली त्यांची. "आमच्या गायकवाडनं कोंबडी झाकली, पंखा बंद केला, आन् पावरहाउस चालूच ठेवलं! तितं ऱ्हाणाऱ्याला ऐकू कुटं येतंय ते? तिकडं होता तवर सगळ्या बाजांत भायेरनं मशीनचा सूर मिळायचा. हितं कडावात कोण देणार?"

मीही हसले. पोट धरून हसले. उभ्या युरोपातल्या काडीवाल्यांना तुम्ही नापास केलंत, कारण त्यांच्यातल्या एकाकडेही भिवपुरीचं पॉवरहाउस नव्हतं! आयुष्यभर मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे तुम्ही, आणि आपल्याच कॅसेटमधली मशीन ओळखली नाहीत?

मग हसता हसता माझं मला लख्ख कळलं. तुम्ही खोटं बोलत नव्हतात. घर छान होतं आणि काहीतरी कमी होतं. टाइल्सचा काही संबंध नव्हता, माझाही नव्हता. तुम्हाला सांगता येत नव्हतं आणि मी ऐकून घेत नव्हते. एवढंच होतं हो.

मीनल म्हणाली, 'आई, लोकांसमोर घरघर नको, स्वच्छ सीडी लाव.' तुमच्या बहिणीचंही तेच. पण ठरवायचं कोणी? विमलनं! मी कॅसेट लावली.

वंदना झाली, पहिला घूं आला. वन्सं कुजबुजल्या, 'स्पीकर गेलाय का गं?' पण मागं बसलेले तुमचे पॉवरहाउसचे सहा म्हातारे बघायला हवे होतेत. सहाही जण एकदम ताठ. एकानं तर शिफ्टला उशीर झाल्यासारखं घड्याळ बघितलं. दुसऱ्यानं डोळ्यांना रुमाल लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. भंतेजी नंतर म्हणाले, 'मन फार शांत झालं. कुठल्या देशाचं संगीत?' मी म्हटलं, 'जर्मनीचं. आणि थोडं भिवपुरीचं.'

जेवणं उरकल्यावर दुपारी मी तीच कॅसेट पुन्हा लावून जरा आडवी झाले. तुम्ही गेल्यापासून झोप म्हणजे नुसती कूस बदलणं. काल मात्र मेल्यासारखी झोपले. जाग आली ती दचकून, आणि मी मोठ्यानं हाक मारली, 'अहो, उठा! सेकंड शिफ्ट आहे ना? डबा भरलाय!'

मीनल स्वयंपाकघरातून धावत आली आणि दारातच थांबली. मग दोघी गळ्यात गळा घालून रडलो. मला तुमची फार आठवण येते हो. इतकी येईल असं वाटलं नव्हतं.

तर निवड झाली. आता एक शब्द देते. उरलेल्या दहाही मी ऐकणार आहे, रोज एक, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे दूध बघायलाही उठणार नाही. आणि जी मला आवडेल तिच्यावरचा तुमचा शेरा खोडून मी स्वतःच्या हातानं 'पास' लिहिणार आहे.

नसेल पटत तर या भांडायला.

वाट बघतेय,
तुमचीच
विमल