आठ दिवसांची डागडुजी

धाकट्या,

उठल्या उठल्या मिस्त्रींना फोन लावून भांडू नकोस. मीच त्यांच्या कारखान्यात गेलेय. जेवण झाकून ठेवलंय, चहा तेवढा गरम करून घे.

आठ दिवसांत देतो म्हणाले आणि दीड महिना झाला. बाबांची होडी विकल्याशिवाय तुला परत जाता येत नाही, म्हणून रोज त्यांच्या नावानं खडे फोडतोस. तर ऐक. होडी तीन आठवड्यांपूर्वीच तयार झाली. मीच म्हटलं, राहू द्या जरा.

ही खोड जुनी आहे माझी. तुझे बाबा वर्षभर पाण्यावर. होडी दुरुस्तीला गेली की तेवढे दिवस घरात दिसायचे. तुला खांद्यावर घेऊन हिंडायचे, उरलेला निळा रंग खिडक्यांना फासायचे, मला भाजी निवडू लागायचे, आणि येता-जाता मिस्त्रींचा उद्धार करायचे. मी हळूच जाऊन सांगून यायचे, आठाचे पंधरा करा. मिस्त्रींनी बिचाऱ्यांनी सगळी बोलणी खाल्ली, पण माझं नाव कधी घेतलं नाही.

आज सांगते त्यांना, देऊन टाका. तू बॅग भरायला घे. स्वेटर दोरीवर वाळतोय.

एक मात्र काल रात्री पहिल्यांदाच डोक्यात आलं. होड्या दुरुस्त करणारा दुसरा कारखाना तर आपल्या गल्लीच्या तोंडाशीच होता. बाबांनी होडी तिकडे एकदाही नेली नाही.

आई