कालव्याकाठचं घर

तिजानीच्या आईस,

अल्लाह तुम्हां सर्वांना सांभाळो. मी सुखरूप आहे.

शुक्रवारी सकाळी मी नाईलच्या कालव्यावर नमाजाआधी हातपाय धुऊन वजू करत होतो. जवळच शेजारच्या बाबिकिरचा मुलगा यासीन लघवीला बसला, तर धार लाल. काठावरचे सगळे ओरडले, "मुबारक! पोरगा मर्द झाला!" इथे तसंच मानतात. बाबिकिरने खजूर वाटले, मीही खाल्ले.

दुपारी बाबिकिरची बायको मला गाठून म्हणाली, "इद्रीसभाऊ, आमच्या हफ्सालाही लालच होते. तीही मर्द झाली का हो?"

मी दवाखान्यातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "कालव्यातल्या गोगलगायींतून किडा निघतो आणि कातडीतून अंगात शिरतो. कालवा नव्हता तेव्हा इथे हे दुखणंही नव्हतं."

कालव्याने कापूस दिला, पक्की घरं दिली, घरोघरी रेडिओ आला. त्याच पाण्यात पोरं दिवसभर डुंबतात.

आपली विहीर आटली नाही ना? आपला तिजानी अजून पोहायला शिकायचं म्हणतो का? मला हल्ली थकवा येतो, तो वयाचा असेल. वजू आता हापशावर करतो.

तुम्ही इकडे यायचं म्हणून शेळ्या विकल्या असतील, तर माझ्यावर रागाव, पण तिथेच राहा. कालव्याकाठी आपल्याला मिळालेल्या घराची किल्ली मी काल कचेरीत परत केली.

दुआ करत राहणारा,
इद्रीस