जूनच्या विमानातली जागा

१२ मार्च २०२०, गुरुवार. मालमो, स्वीडन
वैशूचे पाय आज जास्त सुजलेत. मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून बसवलं तिला. डॉक्टरीणबाई म्हणतात, अजून पंधरा दिवस. मला येऊन सतरा झाले, थंडी काही अंगवळणी पडेना. दोन स्वेटर, वर ह्यांचा मफलर.
जावई प्रशांतराव रोज समुद्रावरच्या पुलावरून रेल्वेनं डेन्मार्कात कामाला जातात, संध्याकाळी स्वीडनात परत. फोनवर ह्यांना कौतुकानं सांगितलं, तर हे म्हणाले, त्यात काय, मी सगळी नोकरी पूर्णा-अकोला-पूर्णा केली. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण बोलणं अजून रेल्वे गार्डाचंच.

१४ मार्च, शनिवार
कोरोनामुळं डेन्मार्कनं दुपारी बारापासून सीमा बंद केली. कामाचं पत्र दाखवलं तरच आत. प्र.रावांना कंपनीनं पत्र दिलंय. वै. घाबरली. कळा सुरू झाल्या अन् हे तिकडंच अडकले तर? मी म्हटलं, मी आहे ना. मला इथली भाषा येत नाही, दवाखाना कोणत्या दिशेला तेही माहीत नाही. तरी म्हटलं.

२२ मार्च, रविवार
भारतात आज सगळं बंद. विमानंही. माझं परतीचं तिकीट मे महिन्यातलं, तोवर होईल सुरळीत.
हे म्हणाले, स्टेशनात एक गाडी नाही. "इतकं गप्प पूर्णा मी जन्मात ऐकलं न्हाई." थाळी वाजवलीत का विचारलं. शेजारच्या नजीरभाईंनी वाजवली म्हणे, हे नुसते ओट्यावर उभे होते. नजीरभाई रेल्वेतच रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते, दोघं एकाच साली रिटायर झाले. स्वयंपाकाचं विचारलं. खिचडी. काल? खिचडी.

३० मार्च, सोमवार
मुलगी झाली. सकाळी साडेसातला. दोघी सुखरूप.
प्र.रावांना बाळंतपणाच्या वेळी आत घेतलं, नंतर घरी पाठवलं. वॉर्डात कुणालाच थांबू देत नाहीत. माझी लेक पहिल्या बाळंतपणात दोन दिवस एकटी पडून. डिंकाचे लाडू डब्यात तसेच.
ह्यांना फोटो पाठवला, मग फोन केला. ह्यांनी आधी नजीरभाईंना हाक मारली, मग हॅलो म्हणाले.

२१ एप्रिल, मंगळवार
ऊन पडलं. इथं शाळा चालू, हॉटेलाबाहेर माणसं खुर्च्या टाकून कॉफी पितायत. ह्यांना खरं वाटेना. तिकडं भाजी आणायला निघालं तरी पोलीस काठी आपटतात म्हणे.
वै. बाहेर पडत नाही. बाळ रडलं तरी आधी मीच उठते. थकली असेल.

९ मे, शनिवार
बाळाला, रेवाला, अंघोळ घालत होते. वै. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, जाताना हिला घेऊन जा. माझ्याजवळ ठेवू नको." रडत नव्हती. भाजी संपली म्हणून सांगावं, तसं सांगितलं.
हात पाण्यातच राहिले माझे.

१४ मे, गुरुवार
सरकारी नर्सबाई आल्या. वै.पुढं दहा प्रश्नांचा कागद ठेवला अन् मला खुणेनं बाहेर थांबायला सांगितलं. जिन्यात बसले. नंतर प्र.रावांनी समजावलं. बाळंतपणानंतर मनाला होणारा आजार आहे. गोळ्या सुरू केल्यात. बरी होईल. पण दिवसा एकटी ठेवायची नाही.
प्र.रावांचं काम मशीनवरचं, घरून होत नाही.
चुडाव्याच्या शाळेत शिकवत असताना एका बाळंतिणीनं विहिरीत उडी घेतली होती. गाव म्हणालं, बाहेरचं काहीतरी असेल. मीही म्हणाले होते. एकतीस वर्षं मुलांना शिकवलं अन् एवढं मात्र कळलं नाही.

४ जून, गुरुवार
दूतावासाचा मेल आला. अडकलेल्यांसाठी खास विमान निघणार, पुढच्या आठवड्यात, स्टॉकहोमहून. यादीत माझं नाव आहे. येणार की नाही, ते दोन दिवसांत कळवायचं.
ह्यांचा आवाज बसलाय. धुळीनं म्हणतात.

६ जून, शनिवार
प्र.राव म्हणाले, मामी, तुम्ही जा, मी सुट्टी काढतो. किती शिल्लक आहे विचारलं. नऊ दिवस. म्हटलं, नाही म्हणून लिहा.
त्यांना शब्द द्यायला लावला की वै.ला सांगायचं नाही. तिला कळलं तर आई माझ्यापायी अडकली, हेच डोक्यात घेऊन बसेल. तिला सांगितलं, यादीत नाव लागलं नाही. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती, फक्त मान हलवली.
ह्यांनाही तेच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर बीपीचा माणूस, एकटा, लेकीच्या काळजीनं बसल्या जागी झुरला असता. हे म्हणाले, "बरं. न्हाई मिळाली तर न्हाई." पुढं काहीच विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

१९ जुलै, रविवार
समुद्राच्या पायऱ्यांवर दोघी बसलो. वै.नं स्वतःहून रेवाला मांडीवर घेतलं. रेवानं तिचं नाक धरलं, तर हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा ऐकलं ते हसणं. मी पाण्याकडं तोंड करून डोळे पुसले.
आता पुढचं जे विमान मिळेल, त्यानं जायचं. प्र.रावांना बघायला सांगितलंय.

२३ ऑगस्ट, रविवार
नजीरभाईंचा फोन. ह्यांना चार दिवसांपासून ताप, काल दम लागला. परभणीला नेलं. टेस्ट पॉझिटिव्ह निघाली. चार दिवस रोज माझ्याशी बोलले, ताप आहे म्हणून एक शब्द नाही.

२७ ऑगस्ट, गुरुवार
तिकीट मिळालं. दोन तारखेचं, कोपनहेगनहून जर्मनीमार्गे दिल्ली. वॉर्डातल्या सिस्टरनं ह्यांच्या कानाला फोन लावला. म्हटलं, बुधवारी निघतेय. नुसता मशीनचा आवाज. मग म्हणाले, "सावकाश ये. वैशू बरी हाय का?"
बरी आहे, म्हटलं. पहिल्यांदा खरं बोलले.

२९ ऑगस्ट, शनिवार
गेले.

३० ऑगस्ट, रविवार
नगरपालिकेच्या माणसांनी केलं सगळं. नजीरभाई तेवढे गेले होते, त्यांना फाटकाशीच थांबवलं. अस्थी मडक्यात बांधून स्मशानातल्या लिंबाला टांगल्यात, तुम्ही येईपर्यंत कुणी हात लावणार नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं.
वै. माझ्या पायाशी बसून होती. मी तिच्या केसांत तेल घातलं. दुसरं काय करावं सुचेना. मनात आलं, हिच्यामुळं. आलं ते लिहून ठेवते. तिच्या डोक्यावर हात असतानाच आलं.

२ सप्टेंबर, बुधवार. कोपनहेगन विमानतळ
वै. मालमोच्या फलाटापर्यंतच आली. नियम परत बदलणार म्हणतात, पुलापलीकडं गेल्यावर बाळासकट परत येऊ देतील की नाही, नक्की कुणालाच सांगता येईना. गाडी हलली तशी तिनं रेवाचा हात धरून हलवला. प्र.रावांकडं पत्र होतं, म्हणून ते विमानतळापर्यंत सोबत. डेन्मार्कच्या पोलिसानं माझा पासपोर्ट बघून जायचं कारण विचारलं. प्र.रावांनी काय सांगितलं कळलं नाही, पण त्यानं टोपी काढली.

१२ सप्टेंबर, शनिवार. पूर्णा
दिल्लीत सात दिवस हॉटेलच्या खोलीत. मग स्पेशल गाडी. दुपारी उतरले. गाडीच्या शेवटच्या, गार्डाच्या डब्याकडं बघितलंच नाही.
नजीरभाईंनी कुलूप काढलं, किल्ली उंबऱ्यावर ठेवून मागं सरकले. घर झाडलेलं. पुढच्या खोलीला नवा चुना दिलेला. खाट, नवी चादर, वेगळा तांब्या-पेला, मोरीत नवी बादली. ह्यांना चुन्याचं कधी सुचलं?

१४ सप्टेंबर, सोमवार
सकाळी गोदावरीत अस्थी सोडल्या. माझ्याच हातानं. ब्राह्मण काठावर लांब बसून सांगत होता.
परत येताना ऑटोत नजीरभाईंना चुन्याचं विचारलं.  त्यांनी सांगितलं ते असं.
जूनमध्ये तहसीलची माणसं घरी आली होती. विमानाला नाव लागलेल्यांची यादी घेऊन. तुमच्या घरी बाई यायल्यात, चौदा दिवस वेगळी खोली लागंल, तयारी ठेवा. त्याच दिवशी ह्यांनी भिंती खरवडून चुना भिजवला. दोन दिवस स्वतः शिडीवर चढून खोली केली. तिसऱ्या दिवशी मी फोनवर सांगितलं, सीट मिळाली नाही.
"म्हणजे त्यांना माहीत होतं?"
"मालूम होतं, भाभी. मी म्हटलं, विचारून बघा ना एकदा. तर म्हणले, कशाला. करमायलं असंल तिला तिकडं, नातीत. जिंदगीभर माझ्या ड्युटीच्या टायमावर जगली, राहू द्या."
 

१५ सप्टेंबर
करमायलं असंल.

२२ नोव्हेंबर, रविवार
वै. रोज साडेपाचला फोन करते. आता बरी आहे, गोळ्या निम्म्यावर आल्यात. रेवा रांगायलीय. तिकडं पुन्हा नियम कडक व्हायलेत, आठपेक्षा जास्त माणसं जमवायची नाहीत परवापासून.
आज तिचा आवाज वेगळा होता. प्र.रावांचे जुने मेल बघताना तिला दूतावासाचा मेल सापडला. खाली त्यांनी पाठवलेलं उत्तरही.
"आई, जूनमध्ये तुला सीट मिळाली होती. तू माझ्यामुळं थांबलीस का? अन् बाबांना काय सांगितलं होतंस?"
मी म्हटलं, रेवा रडायलीय बघ. रेवा रडत नव्हती. वै.लाही कळलं ते. फोन ठेवताना म्हणाली, उद्या विचारते.
हो म्हटलं तर ती परत त्या खिडकीशी जाऊन बसेल, ही भीती. नर्सबाईंनी सांगितलंय, हा आजार फिरून येऊ शकतो. अन् नाही म्हटलं तर ह्यांनी जे मनात धरून डोळे मिटले, तेच खरं ठरतं. मला तिकडं करमत होतं.
स्वयंपाक केला नाही. पुढच्या खोलीत बसून लिहितेय. उद्या साडेपाचला फोन येईल.