चौथ्या पुस्तकाआधी

प्रिय काकू,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. स्पॅनिशचं तिसरं पुस्तक संपत आलं हे वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. दिवसभर वर्कशॉपमध्ये गणवेशांना काजं-बटणं करायची आणि घरी येऊन जाड चष्म्यातून क्रियापदं घोकायची, हे तुम्हीच करू जाणे. त्या तीन पुस्तकांना आम्हाला शाळेत तीन वर्षं लागली होती, तुम्ही दीड वर्षात उरकत आणलीत. भूतकाळाचे दोन प्रकार डोक्यात शिरत नाहीत म्हणता, ते माझ्याही डोक्यात अजून नीट शिरलेले नाहीत. एक घडून संपलेल्या गोष्टीसाठी, दुसरा पुन्हा पुन्हा घडणाऱ्या, चालूच असलेल्या गोष्टीसाठी. लेकीबद्दल लिहिताना कुठला वापरू, असं विचारलंत. मी दोन दिवस विचार केला. दुसराच वापरा.

आठवीत भाषा निवडायचा तक्ता आला तेव्हा मी तुमच्या लेकीच्या तक्त्यात डोकावून तिच्यासारखीच खूण केली होती. पुढे पाच वर्षं एकच बाक. वर्गात तिला ‘रेडिओ’ म्हणायचे आणि मला ‘मुकी’. मुकीशेजारी बसवली की रेडिओ बंद पडेल, अशी बाईंची कल्पना. झालं उलटंच. माझा तो लांबवायचा ‘र’ काही केल्या येईना, तेव्हा तिने मला शाळेच्या नळावर नेलं आणि घशात पाणी धरून गुळण्या करायला लावल्या. मी करतेय, ती करतेय, दोघींच्या गणवेशांवर पाणी, आणि मागे बाई उभ्या. तो तास आम्ही दाराबाहेर काढला, पण ‘र’ आला.

आता त्याच ‘र’वर माझं पोट चालतं. जहाज कंपनीच्या ऑफिसात दिवसभर फोनवर स्पॅनिश बोलते. पलीकडचे विचारतात, इतका छान उच्चार कुठे शिकलात. मी म्हणते, शाळेत. पण काकू, तो उच्चार माझा नाही. माझ्या तोंडून तीच बोलते, आणि दर वेळी मानेवर कुणीतरी हळूच फुंकर घातल्यासारखं होतं. मी रिसीव्हर डाव्या कानाला लावत नाही. ती डावीकडे बसायची. अकरा वर्षं झाली, कुणाला हे सांगितलेलं नाही.

बारावीची स्पॅनिशची तोंडी परीक्षा झाली आणि तीन आठवड्यांनी तिला ताप आला. आठ दिवसांत सगळं आटोपलं. परीक्षेची टेप बाईंनी तुम्हाला आणून दिली, कारण तिचा आवाज तेवढाच कुठेतरी शिल्लक होता. मी महिन्याभराने आले. स्वयंपाकघरातलं ते टेबल, टेपरेकॉर्डरचं बटण वर उडू नये म्हणून त्यात खुपसलेली काडी, खिडकीकडे तोंड करून बसलेले काका, सगळं जसंच्या तसं दिसतं. टेप संपली आणि तुम्ही मला विचारलंत, “माझ्याबद्दल काही म्हणते का गं?”

मी “हो” म्हणाले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण तुम्ही माझा हात धरला होता आणि मुकीला त्या दिवशी वाचा फुटली. मी सांगितलं, ती म्हणतेय, आईचं मशीन चालू असलं की मला अभ्यास सुचतो. दुसरा आवाज कुणाचा विचारलंत, तर बाईंचा म्हणाले. मधे ती गप्प होते आणि श्वास अडकल्यासारखा येतो, तिथे तुम्ही म्हणालात, इथे रडली माझी पोर. मी मान हलवली.

वाटलं होतं, एवढ्याने तुमचा तो दिवस निभावेल, खरं काय ते नंतर सांगू. मग गेल्या वर्षी न कळवता आले. जिन्यातच मशीनचा आवाज ऐकू आला. दार लोटलेलं होतं. तिच्या अभ्यासाची वेळ. तिच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि तुम्ही मशीन चालवत होता. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. नुसते पाय हलत होते आणि नजर त्या खोलीकडे. मला पाहून तुम्ही अजिबात दचकला नाहीत. म्हणालात, “बस, तिचा अभ्यास होऊ दे.” मी बसले. संपूर्ण तासभर बसले. त्या खोलीत काय होतं ते मी बघितलं नाही, पण काहीतरी आहे असं वाटण्याइतका तो आवाज खरा होता. आणि ते मी घडवलं होतं.

आता खरं सांगते. टेपवर तुमच्याबद्दल एक अक्षरही नाही. तो पुस्तकातला हॉटेलचा संवाद आहे. ती पाहुणी आहे आणि काउंटरवरची कारकून मी. होय, दुसरा आवाज माझाच. ती खोली मागते, मी किती रात्रींसाठी ते विचारते. पुस्तकात दोन रात्री होत्या. ती बेधडक म्हणाली, दोनशे. मी पाठ करून आलेली, दोनशेवर काय बोलायचं ते मला कुठे ठाऊक! माझी बोबडी वळली, आणि माझं तोंड बघून तिने स्वतःची बाही दातांत धरली. तो अडकलेला श्वास तो आहे. ती रडत नाही, काकू. हसू दाबतेय. बाईंनी दोघींचे दोन-दोन गुण कापले.

हे अकरा वर्षं लिहिलं नाही आणि आज लिहिलं, त्याचं कारण तुमच्या पत्राच्या समासात आहे. बारीक अक्षरात तुम्ही लिहिलंय, ‘टेपमध्ये ती आबितासिओन म्हणते, ते मला आता ओळखू येतं. म्हणजे खोली ना? माझ्याबद्दल बोलताना ती कुठल्या खोलीचं सांगते गं?’ चौथ्या पुस्तकाच्या नवव्या धड्यात तो संवाद शब्दन् शब्द छापलेला आहे. महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही तिथे पोचाल, त्या टेबलाशी, एकट्या. ते पान तुम्हाला सांगण्याआधी मी सांगावं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. रविवारी सकाळी मी येतेय. दार उघडावंसं वाटलं नाही, तर उघडू नका. मी थोडा वेळ जिन्यात बसेन आणि परत जाईन. पुढच्या रविवारी पुन्हा येईन.

तुमचीच,
तिच्या बाकावरची मुकी