उभ्यानं स्वयंपाकाचा ओटा

४ मार्च १९३७, गुरुवार. जानेफळ.
काल नागपूरहून आलो. चुलतभावाच्या घरी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. त्याची बायको उभ्यानं स्वयंपाक करते! उंच ओटा, वर गुळगुळीत फरशी, फरशीवर चूल. ना बसणं, ना उठणं. वहिनी पोळ्या लाटता लाटता गाणं म्हणत होती. आमची कोकिळा दिवाळीत विहिरीवर घसरली, तेव्हापासून चुलीपुढून उठताना गुडघा धरते आणि जे काही म्हणते त्याला गाणं म्हणता येणार नाही.
ठराव: मातीचा बसका ओटा काढून तिथं फरशीचा उंच ओटा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत. एस्टिमेट मी स्वतः करणार. गावात मॅट्रिकला तीनदा बसलेला माणूस मी एकटाच आहे. गणिताचा इतका अनुभव दुसऱ्या कोणाला नाही.
ही रोजनिशी शुद्ध मराठीत लिहायची, हाही ठराव.

५ मार्च.
कोकिळेला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, "ते राहू द्या, गुडघ्याले तेल चोळून देता काय, ते सांगा." नवी कल्पना पचायला वेळ लागतो.
मग म्हणाली, "मंग दादाले तरी इचारा." दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ भगवानराव. अकोल्याला ओव्हरसियर. दर आखाजीला तिला सोनाळ्याला माहेरी न्यायला येतो. मागच्या वर्षी मी बांधलेला गोठा पाहून म्हणाला, "जवाईबुवा, हा गोठा हाये का कोनाले नमस्कार करून राह्यला?" सगळे हसले. कोकिळासुद्धा. त्याला विचारणार नाही. यंदा तो तोंडात बोट घालून उभा राहील.

७ मार्च.
एस्टिमेट तयार. फरशी, विटा, चुना, मजुरी. टोटल अठरा रुपये. फार सुबक आकडा आला. आईला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून विचारलं, "कोनाच्या घरचं होय हे?"
आपल्याच, म्हणालो.
"मंग कठीन हाये."

९ मार्च.
हबीब मिस्त्री आले. फार दिलदार माणूस. एस्टिमेट ऐकून म्हणाले, "अठरा? भाऊ, सोळात होऊन जाते. बिनघोर राहा." ताबडतोब दोन रुपये कमी केले. याला म्हणतात हिशोब.
चहा घेता घेता म्हणाले, "ओट्याले कंगोरा पायजे भाऊ. कंगोऱ्याबिगर ओटा म्हंजे नुसता चबुतरा." अगदी खरं. मग कडेला वेल, कोपऱ्यात कमळ. चहा पुन्हा. तीन नकाशे काढले. एकात कारंजं होतं. ते मी खोडलं. काटकसर कुठेतरी करावीच लागते.

१२ मार्च.
आज उंची ठरली. शास्त्र असं: उभं राहून कोपर वाकवला की ओटा कोपराच्या चार बोटं खाली. कोकिळा पाण्याला गेली होती. पण कोपर तो कोपर, माझा काय नि तिचा काय! मीच उभा राहिलो. हबीबमियांनी भिंतीवर कोळशाची रेघ ओढली. गावात माझ्याइतका उंच कोणी नाही, त्यामुळे त्यांना वाकावंही लागलं नाही.
कोकिळा आली, रेघेकडे पाहिलं, म्हणाली, "हे काय, लोनच्याच्या बरन्या ठेवाची फळी?" आणि घागर डोक्यावर असताना हसत सुटली. अर्धी घागर सांडली. मोजमाप हा हसण्याचा विषय नव्हे.

२३ मार्च. एकादशी.
शहाबादची फरशी मागवली. एकसंध. सांधा म्हणजे कमीपणा. रेल्वेनं खामगाव, तिथून बैलगाडी. आठवड्यात येईल, म्हणून जुना ओटा आजच फोडला. पहिला घाव हबीबमियांनी मला घालू दिला. काय आनंद! मग दुसरा, तिसरा. दोघांनाही थांबवेना. थांबलो तेव्हा ओटा गेलेला, चूल गेलेली, चुलीमागच्या भिंतीचं लिंपणही गेलेलं.
आई फराळाची भगर धुऊन घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. भगर घेऊन शेजारी पुष्पाबाईकडे गेली.

२ एप्रिल.
फरशी नाही. अंगणात तीन दगडांवर चूल. वारा सुटलेला. वरणात राख. राखेनं दात स्वच्छ होतात, असं मी जेवताना सांगितलं. आईनं तिची वाटी माझ्याकडे सरकवली.

६ एप्रिल.
कोकिळा आता दोन्ही वेळचा स्वयंपाक पुष्पाबाईच्या चुलीवर करते. भिंतीपलीकडून दोघींच्या हसण्याचा आवाज येतो. एवढं काय हसण्यासारखं आहे, कळत नाही. माझं नाव मात्र मधून मधून येतं.

११ एप्रिल. सकाळी.
फरशी आली! काय वस्तू आहे! हात फिरवतच राहावं.

तोच दिवस. दुपारी.
दारातून आत जात नाही. स्वयंपाकघराची मापं मी बिनचूक घेतली होती. दार स्वयंपाकघरात धरायचं की बाहेर, हा वादाचा मुद्दा आहे. फरशी आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, तिरपी केली. काऊन जात नाही बे ही!
(वरचं वाक्य शुद्ध करणे.)
निम्मी गल्ली बघायला जमली. हबीबमिया घाम पुसून म्हणाले, "भाऊ, दरवाज्याची कायले फिकीर करता? दिवाल हाये ना!" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. केवढा माणूस!

१२ एप्रिल.
गल्लीकडची भिंत फोडली. फरशी आत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी थोडं वाकून दाखवलं.
एस्टिमेटला "भिंत" हा नवा कॉलम जोडला. टोटल एकतीस. मूळ एस्टिमेट चुकलं असं मात्र म्हणता येणार नाही. त्यात भिंत नव्हतीच.

२१ एप्रिल.
भगदाड बुजवता बुजवता विटा संपल्या. कोकिळा म्हणाली, "राहू द्या तेवढं. खिडकी होऊन जाते. धूर तरी जाईन." ही सूचना माझीच होती असं धरण्यास हरकत नाही.

३ मे.
ओटा पुरा! कंगोरा, वेल, कमळ. मी पुढं उभा राहिलो, हात टेकले. कोपराखाली बरोबर चार बोटं. डोळ्यांत पाणी आलं. वरची चूल ओली होती, तरी पेटवली. कोकिळेला हाक मारली. आई आणि पुष्पाबाईही आल्या.
कोकिळा उभी राहिली. ओटा तिच्या काखेला लागला. पातेलं चुलीवर ठेवलं ते तिच्या कपाळाच्या वर गेलं. आत काय चाललंय ते दिसेना. मी म्हणालो, "टाचा उचल." तिनं उचलल्या. गुडघ्यात कळ आली. भाजी लागली हे वासावरून समजलं.
मी वाट पाहत होतो की आता ती हसेल. ती हसली नाही. पदर झटकला आणि म्हणाली, "दादा आला का मी जातो सोनाळ्याले. गुडघा बरा होईलोग तठीच राहतो."
हे मला अजिबात आवडलं नाही. इतक्या वर्षांत ती माझ्या कुठल्याच कामावर हसल्याशिवाय राहिली नव्हती.

४ मे.
ठराव: कोकिळेला उंच करणे. एक पाट ठेवून पाहिला. दोन ठेवून पाहिले. दोन पाटांवर मी स्वतः चढलो, ते सरकले. कमळाची एक पाकळी गेली. माझं डोकं ठीक आहे.

६ मे.
हबीबमियांना बोलावलं. त्यांना वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. "पायऱ्या करू ना भाऊ! पायऱ्यांनी अजून शान येते." उरल्यासुरल्या विटांत तीन पायऱ्या झाल्या. एस्टिमेटला "पायऱ्या" जोडलं. टोटल केली नाही.

८ मे.
पायऱ्या वाळल्या. कोकिळा हात धरून पहिली चढली, दुसरी चढली, तिसरी चढली. वरच्या पायरीवर उभं राहून स्वयंपाक करायचा, असा प्लॅन. तिनं फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ फरशीवरच जाऊन मांडी घालून बसली. चुलीच्या शेजारी! मी म्हणालो, "अगं, हा उभ्यानं करायचा ओटा आहे." ती म्हणाली, "तो खालून. वरून बसूनच जमते." आणि हसायला लागली. पुष्पाबाई हसली. आई भिंतीला टेकून हसली. तिकडे हबीबमिया खिडकीतून, "क्या बात हाये!" मग मलाही हसू आलं. का ते माहीत नाही.
पिठलं अप्रतिम झालं. राख नाही.

१० मे.
भगवानराव आला. स्वयंपाकघराच्या दारात थबकला. कोकिळा वर कंगोऱ्याच्या मागे, खिडकीतून गल्लीतल्या बायकांशी बोलता बोलता भाकरी शेकत होती. त्यानं तोंडात बोट घातलं नाही, चौकट धरली. मग म्हणाला, "जवाईबुवा, ओटा हाये का राजगादी?"
मी एस्टिमेटविषयी बोलणार, तेवढ्यात कोकिळा वरूनच म्हणाली, "दादा, यंदा आखाजीले मी नाई येत. एकदा अठी बसलं का उठाचं काम नाई. दोन दिवस झाले, गुडघा काई म्हनत नाई."
ऐकलं? गुडघा काही म्हणत नाही! माझी योजना, माझा ओटा. मी भगवानरावाकडे ताठ मानेनं पाहिलं.
तो ओव्हरसियर माणूस, वरपासून खालपर्यंत नीट पाहून म्हणाला, "पन बाई, सामान वर कोन देते?"
कोकिळेनं माझ्याकडे पाहिलं.

११ मे.
सकाळी पाणी दिलं. मग मीठ. मग लाकडं, तेल, उलथनं, पुन्हा पाणी. स्वयंपाकघरात उभं राहायला जागा ऐसपैस आहे. आई ओसरीवर पुष्पाबाईला सांगत होती, "चला, पोराले काम लागलं एकदाचं."
कोकिळा म्हणाली, "वर परात मावत नाई. उद्यापासून कनिक तुमीच भिजवून देत जा." ठीक आहे. प्रमाणाचं गणित आहे. मॅट्रिकला होतं.

१२ मे.
कणिक सैल झाली.