आबांच्या गाडीसाठी साउंड कार्ड

अंथुर्णे, ता. इंदापूर
ऑक्टोबर १९९९

चिरंजीव सोमनाथ यास थोरल्या भावाचा सप्रेम जयभीम. आशीर्वादही धाडले असते, पण मागच्या पत्रातल्या आशीर्वादांची पोच तू अजून दिलेली नाहीस, म्हणून ते राखून ठेवले आहेत. इकडे सर्व मंडळी खुशाल. तुझी तब्येत कशी आहे? खानावळीचं जेवण बाधत नाही ना? (हे तुझी वहिनी अंजली विचारते आहे. मला विचारायचं असतं तर कामाला बाधत नाही ना, असं विचारलं असतं.)

आबांना पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन तू परत आणून सोडलंस, त्यानंतर गावाकडे फिरकला नाहीस. का ते मला ठाऊक आहे. काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नसते, हे डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, तू मला सांगितलंस, आणि आबांना आपण दोघं मिळून ‘पावसाळा सरला की ऑपरेशन’ असं सांगून मोकळे झालो. आता पावसाळा सरला आहे. पण तो विषय राहू दे, पत्राचं कारण निराळं आहे. मला एक स्वस्तातलं पण बरं साउंड कार्ड हवं आहे.

तुला हसू येईल. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, घरच्या टेपरेकॉर्डरचं झाकणसुद्धा बायकोला विचारून उघडणारा, त्याला साउंड कार्ड कशाला? तर ऐक. साक्षीच्या अभ्यासासाठी म्हणून तू जो कॉम्प्युटर जोडून पाठवलास, त्यात अभ्यास कुठं आहे ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. मोटारींची शर्यत मात्र तुझ्या पुतणीला पहिल्याच दिवशी सापडली. कॉम्प्युटर ठेवला तो बाहेरच्या खोलीत, आबांच्या पलंगाशेजारी, कारण प्लग तिथंच होता. आबांचं तेव्हा कसं चाललं होतं ते तुला सांगायला हवं. सगळी नोकरी बारामती-इंदापूर रस्त्यावर एसटी हाकण्यात घालवलेला माणूस दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवता का म्हटलं तर व्हय, चहा ठेवू का म्हटलं तर न्हाय. तिसरा शब्द नाही. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी शाळेत जास्त वेळ थांबायला लागलो. (अधिकाऱ्यांनी माझ्या कार्यतत्परतेची नोंद घेतली, हा त्यातला विनोद.)

तर साक्षीची मोटार घाटात कण्हायला लागली आणि पलंगावरून आवाज आला, “पोरी, गिअर बदल की! गाडी रडतीया.” साक्षीनं कुठलं तरी बटण दाबलं. गाडीचा सूर उतरला, आणि आबा म्हणाले, “हां. आता कशी!” तुझी वहिनी पिठाच्या हातानं बाहेर आली ती तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमच्या घरातून इंदापूर गाडी सुटते. पडद्यावर परदेशातला सहापदरी रस्ता आणि समुद्र असतो, पण आबांच्या लेखी ते लासुर्णे आहे. डबल बेल झाल्याखेरीज ते गाडी हलू देत नाहीत, त्यामुळे अंजलीला आतून पातेल्याच्या झाकणावर उलथन्यानं दोनदा वाजवावं लागतं. बाकीच्या लाल-पिवळ्या मोटारी केव्हाच पसार झालेल्या असतात. पुढं निमगाव आलं की आबा थांबायला लावतात, म्हातारी माणसं उतरेपर्यंत ब्रेकवरचा पाय काढू देत नाहीत, आणि वळणावर ओव्हरटेक केलेलं तर त्यांना मुळीच खपत नाही. साक्षी प्रत्येक शर्यतीत शेवटची येते. आधी रडायची. परवा मात्र मैत्रिणीला ठसक्यात सांगत होती, की आमची गाडी शर्यतीची नाहीच, प्रवासी आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं कुणाला बघवतं? पडद्यावर चार मोटारी एकदम आल्या की आपली गाडी अडखळायला लागली. आवाज तुटायचा, चित्र थांबायचं, मग एकदम तीन खांब पुढं. आबांनी पलंगावरून निदान केलं, की डिझेलमध्ये हवा धरलीय, खाली उतरून पंप मार. साक्षी बिचारी कीबोर्डवर पंप मारायची. चार-पाच दिवस त्यांनी वाट पाहिली. मग म्हणाले, “दमली गाडी. डेपोत लाव.” आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. सोमनाथ, त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून बारामती गाठली. तिथल्या एका कॉम्प्युटरवाल्यानं मला समजावलं, की तुमच्या मशीनमध्ये आवाजाला वेगळं कार्डच नाही, आवाजाचा हिशोबही प्रोसेसरलाच करावा लागतो, म्हणून गाडी अडखळते. हे मला लगेच पटलं. एकशिक्षकी शाळेत मास्तरानंच चौथीला भूगोल शिकवायचा, घंटाही त्यानंच द्यायची आणि मतदारयाद्याही त्यानंच करायच्या, मग भूगोल अडखळणारच. (तुम्ही पुण्याचे लोक प्रोसेसरची दया करता. मास्तराची करा कधीतरी.)

आता कार्ड कुठलं घ्यायचं? त्यानं तीन दाखवली. एक रंगीत खोक्यातलं, त्याला मी लांबूनच नमस्कार केला. दुसरं मधलं, ते मदरबोर्डच्या आखूड पांढऱ्या खाचेत बसतं. तिसरं सर्वात स्वस्त, नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीतलं, ते लांब काळ्या खाचेत बसतं. मी विचार केला, लांब ते मजबूत. बैलगाडीच्या जुवापासून शाळेच्या बाकापर्यंत माझा हाच अनुभव आहे. दुकानदार काहीतरी सांगू पाहत होता, पण मास्तराला ऐकून घ्यायची सवय नसते.

घरी येऊन कार्ड बसवलं. गाडी होती तशीच अडखळत राहिली, कारण काळ्या खाचेतलं ते कार्ड स्वतः फारसं काही करत नाही, पुन्हा प्रोसेसरच्याच गळ्यात पडतं, असं नंतर कळलं. वर एक नवाच उपद्रव झाला. शेजाऱ्याच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली की आमचे स्पीकर गुरगुरायला लागले. आबा ओरडले, “मागनं ट्रक येतोय, साइड दे त्याला!” साक्षीनं साइड दिली आणि गाडी समुद्रात गेली.

शेवटी साक्षीनंच शोधून काढलं, की खेळातला आवाज बंद केला की गाडी लोण्यासारखी पळते. पण आवाजाविना आबांच्या हाती काय उरणार? तेव्हा तुझ्या थोरल्या भावानं जे केलं ते कुणाला सांगू नकोस. मी टेबलामागं उकिडवा बसलो आणि तोंडानं इंजिन सुरू केलं. साक्षी बोटं दाखवायची, मी गिअर बदलायचो. वळणावर हॉर्न, उतारावर ब्रेकचा फुसकारा, सगळं. घसा बसला म्हणून शाळेत दोन दिवस पोरांना नुसतं शुद्धलेखन घातलं. एका संध्याकाळी केंद्रप्रमुख मतदारयाद्यांसाठी घरी आले, तेव्हा मी नेमका घाट चढत होतो. ते दारातच थांबले. मध्येच गाडी बंद पाडणं शक्य नव्हतं, म्हणून मी निमगावपर्यंत गेलो आणि मग उठून नमस्कार केला. ते याद्या उंबऱ्यावरच ठेवून गेले. माझ्या बदलीचा हुकूम आला तर कारण तुला माहीत असावं.

म्हणून विनंती ही, की पुण्यात तुझ्या माहितीच्या दुकानातून पांढऱ्या खाचेत बसणारं, आपलं काम आपण करणारं, खिशाला झेपेल असं एक कार्ड घे आणि कुणाबरोबर तरी पाठव. तुला यायला सवड नसेल हे गृहीत धरलं आहे. कळावे.

तुझा दादा,
ज्ञानदेव

ता. क. पाकीट चिकटवणार तोच आबांनी हाक मारली आणि कुणाला लिहितोयस विचारलं. सांगितलं. कार्डाचंही सांगितलं. तर म्हणाले, कशाला खर्च करतोस? मी म्हटलं, गाडीचा आवाज नीट यावा म्हणून. त्यावर साक्षीला म्हणाले, “तुझ्या बापाच्या गाडीला टॉप गिअरच न्हाय.” त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं रे. इंजिनाला धाप लागत नाही आणि मला चढावर लागते, एवढ्यावरून. मग बोलला का नाहीत, असं मी जरा चिडूनच विचारलं. म्हणाले, “आवाज कसला का असंना. रोज सांजच्याला तू माझ्याजवळ बसतोस की.” तेव्हा कार्डाची घाई नाही.

ता. क. दुसरा. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. म्हणाले, पावसाळा सरलाय, आता ऑपरेशनचं सोमाला विचारू नकोस, बिचारा अवघडंल. डॉक्टरकडून बाहेर येऊन तू त्यांना “आबा, चहा घेऊ या का?” असं विचारलंस ना, त्या आवाजावरूनच त्यांना सगळं कळलं होतं. इतके महिने ते आपलं मन राखत होते, आणि आपण त्यांचं. आबांनी सांगितलेला निरोप जसाच्या तसा लिहितो: “सोमाला म्हणावं, मशीन नगं. तू ये. झाकणावरच्या बेलवर किती दिस गाडी काढू?”

लहानपणी सुट्टीत त्यांच्या गाडीत दोरी ओढून डबल बेल द्यायचा मान तुझा असायचा. येत्या रविवारी गाडी उभी ठेवतो आहे.